दोन रुपये चाळीस पैशांचं मत

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकतो : जगात मतं तीन प्रकारची असतात. पहिलं निवडणुकीतलं. तिथे ठाकुरवाडीच्या म्हातारीला एक आणि खोपोलीच्या कारखानदारालाही एकच. दुसरं कंपनीच्या सभेतलं. तिथे ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. सारखी असतात ती फक्त बिस्किटं. तिसरं सहकारी सोसायटीतलं. शेअर दहा घ्या की हजार, मत एकच. तिन्ही प्रकारांत आपण कुठल्या सभेला बसलोय, हे माणसाला आधी ठाऊक असतं. न्यायाची सुरुवात तिथूनच होते.

चौथा प्रकार टेलिव्हिजनने काढला. निवेदक हात जोडून सांगायचा, ‘निर्णय जनतेचा!’ भाषा लोकसभेची, पण मोजणी कंपनीच्या सभेची. एकाने शंभर एसेमेस पाठवले की मतं शंभर. बरं, कंपनीचे शंभर शेअर घेतले तर वर्षाकाठी लाभांशाचे चार पैसे तरी येतात. इथे फक्त फोनचं बिल यायचं.

2005 साली अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तेव्हा आमच्या चाळीतले एक काका रोज नेमाने एसेमेस करत. गाणं कसं होतं विचारलं तर म्हणाले, ‘गाणं कोण ऐकतंय? आपला पोरगा आहे ना!’ काकांच्या घरी जेवणाच्या वेळेला टीव्हीचा आवाज बंद असे. पोरगा गुणी होता आणि जिंकला, म्हणून काकांचं पाप झाकलं गेलं.

पण काकांना हसताना जरा जपून हसावं. 2007 च्या पर्वात प्रशांत तमांग उभा राहिला. कोलकाता पोलिसातला शिपाई, मूळचा दार्जिलिंगचा. त्याच्यासाठी डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढून एसेमेस पाठवले आणि समोरच्या अमित पॉलसाठी तिकडे मेघालय उठलं. तमांग जिंकला. त्याच्याहून चांगला गाणारा हरला का, यावर पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर दार्जिलिंगकरांनी गाण्याला मत दिलंच नव्हतं. ‘आम्हीही या देशात आहोत’ हे त्यांनी एसेमेसवर लिहून कळवलं होतं. हे सांगायला माणसाला पैसे मोजावे लागतात, याचं मला वाईट वाटतं. त्यांनी ते मोजले, याचं नाही.

आता थोडी रोकड मोजू. त्याच 2007 साली ‘कौन बनेगा करोडपती’त घरबसल्या उत्तर पाठवायची स्पर्धा होती. ते मतदान नव्हे, पण गल्ला तोच. एका एसेमेसला 2 रुपये 40 पैसे. ग्राहक आयोगापुढे हिशेब आला तो असा : एसेमेस सुमारे 5 कोटी 80 लाख. म्हणजे 13 कोटी 92 लाख रुपये. भाग 52, प्रत्येकी बक्षीस 2 लाख, एकूण 1 कोटी 4 लाख. 2008 मध्ये आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि एक कोटीचा दंड सुनावला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी तो रद्द केला. कायद्याचा निकाल लागला, तो मान्य. पण आमच्या हेडकॅशियरचं म्हणणं असं की, दोन रुपये चाळीस पैसे ही रक्कमच मोठी चलाख. एवढ्यासाठी कोणी भांडत नाही, आणि न भांडणारे साडेपाच कोटी जमले की दुसऱ्याचा इमला उभा राहतो.

म्हणजे आवडत्या माणसावर पैसे उधळणं वाईट का? मुळीच नाही. तमाशात दौलतजादा होतो, कुस्तीच्या फडात इनाम लागतं. पण तिथे देणाऱ्याचं नाव पुकारतात आणि पैसे घेणाऱ्याच्या हातात पडतात. ‘ज्याने जास्त रुपये दिले त्याच्या आवडीची लावणी उत्तम’ असा निकाल मात्र कोणी लावत नाही. दानाला दान म्हणावं, मताला मत. दोन्ही एका खात्यात टाकली की बँकेत त्याला घोटाळा म्हणतात आणि टीव्हीवर महाअंतिम सोहळा.

आता पुष्कळ ठिकाणी ॲपवरून फुकट मत देता येतं. चला, सुटलो, असं मला वाटलं होतं. पण आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात ठाकुरवाड्या इतक्या, की खातेदाराने पत्ता सांगितला तरी ‘कुठली?’ म्हणून विचारावं लागतं. अशाच एका वाडीतले बाबा पेन्शन घ्यायला येतात. ढोल उत्तम वाजवतात. त्यांची नात आश्रमशाळेत गाते, फार गोड गाते म्हणे. मी उत्साहाने त्यांना टीव्हीवरच्या स्पर्धेची सगळी पद्धत समजावून सांगितली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सायेब, आमची घरं चाळीस. रेंज येती ती टेकाडावर. दुसऱ्या पोरीचं शहर केवढं?’

‘असेल पाच-दहा लाखांचं.’

‘मंग ती गानं मोजत्यात का घरं?’

पंचवीस वर्षांच्या टीव्हीवरच्या चर्चेत हा प्रश्न इतक्या थोडक्यात मी ऐकला नव्हता. मत फुकट झालं, एकाला एकच झालं, तरी त्यातून ‘कोण लाडकं’ एवढंच कळतं. ‘कोण उत्तम’ हे कळायला कान लागतो. लाडकं ठरवायला हरकत नाही, पण करंडकावर तसं लिहावं. नाहीतर चाळीस घरांची पोर स्टेजवरून उतरताना समजेल की आपल्याला गाता येत नाही. खरं म्हणजे तिला फक्त नातेवाईक कमी असतात. पोरीच्या मनावर ही खोटी नोंद एकदा झाली की ती खोडायला कुठलंच हेड ऑफिस परवानगी देत नाही.

बाबांना मी म्हटलं, ‘मग तुमच्या गौरीच्या नाचात नंबर कसा काढता?’

‘नाचाचा नंबर?’ बाबा हसले. ‘नंबर इथं. तुमच्या लायनीत.’ आणि टोकन माझ्यापुढे सरकवून पेन्शनचे पैसे दोनदा मोजून घेतले.