एका घासातले जीव

उन्हाळ्याच्या ऐन भरात टोकियोतल्या नामांकित सुशी-घरांत शिन्को येतो. कोनोशिरो हा तारलीसारखा रुपेरी मासा. जसा वाढेल तसे त्याचे नाव बदलते: बोटाएवढे पिल्लू म्हणजे शिन्को, त्याहून मोठा तो कोहादा आणि पूर्ण वाढलेला तो कोनोशिरो. हंगामाच्या पहिल्या दिवसांत शिन्को इतका लहान असतो की एका माशाने भाताची छोटीशी मूदही झाकत नाही. सुशी करणारा कारागीर प्रत्येक पिल्लू सुरीच्या टोकाने उघडतो, काटा काढतो, थोडा वेळ मिठात आणि थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवतो. मग दोन, तीन, कधी चार मासे भाताच्या मुदीवर एकावर एक तिरपे मांडून तो एकच निगिरी बांधतो. खाणारा तो घास एका वेळी तोंडात टाकतो. पूर्ण वाढलेला कोनोशिरो स्वस्तात मिळतो. या पिल्लांना मात्र वजनाच्या मानाने प्रचंड भाव येतो.

एका घासासाठी किती जीव घ्यावेत, आणि घ्यावेच लागत असतील तर घेणारा त्यांचे काय देणे लागतो, हा धर्माचा जुना प्रश्न या एका निगिरीत उघडा पडतो. जपानने त्याला दिलेले उत्तर एकसंध नाही. तेराशे वर्षांत त्यावर राजाज्ञा निघाल्या, पंथ वाद घालत राहिले, आणि ज्यांचे पोट मासळीवर चालते त्यांनी आपापल्या रीती घडवल्या.

बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानला पोहोचला. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने वर्षातल्या ठरावीक महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. हरीण आणि रानडुक्कर या यादीत नव्हते, मासे तर नव्हतेच. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या आणि भातावर जगणाऱ्या देशात मासळी बंद करणे कोणत्याच राज्यकर्त्याला परवडणारे नव्हते. पुढल्या शतकांत जनावरांच्या मांसाविषयीचा संकोच वाढला, तसा लोकांनी भाषेतून मार्ग काढला. रानडुकराला ‘बोतान’, हरणाला ‘मोमिजी’, घोड्याच्या मांसाला ‘साकुरा’ अशी फुलापानांची नावे पडली. ती आजही इझाकायांच्या, म्हणजे जपानी मद्यगृहांच्या, पदार्थांच्या यादीत दिसतात.

मुळात भारतीय विनयग्रंथांनी भिक्षूला मांस सरसकट वर्ज्य केलेले नाही. आपल्यासाठी प्राणी मारला हे भिक्षूने पाहिलेले, ऐकलेले किंवा त्याला तसा संशय आलेला नसावा, अशा तीन अटी होत्या. भिक्षापात्रात पडेल ते खाणाऱ्यासाठी हा नियम योग्यच होता. महायानातल्या लंकावतार सूत्राने मात्र मांसाहार साफ नाकारला आणि चीन-जपानच्या मठांनी तो कडक मार्ग पत्करला. सुशीच्या काउंटरवर या तीन अटींपैकी एकही टिकत नाही. कारागीर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मासा कापतो, आणि खाडीत पोहणारा मासा याच गिऱ्हाइकांसाठी पकडलेला असतो. इथे अजाणतेपणाचा आधार कुणालाच घेता येत नाही, आणि या विषयाच्या दृष्टीने तेच काउंटरचे मोठेपण आहे.

मठांतल्या स्वयंपाकाला वैचारिक बैठक दिली ती झेन आचार्य दोगेन यांनी. १२२३ मध्ये ते चीनला गेले. त्यांचे जहाज बंदरात असताना एक म्हातारा भिक्षू वाळवलेले अळंबे विकत घ्यायला आला. अशोक राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरावरच्या मठाचा तो मुदपाकी होता. या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून चुलीपाशी कशाला राबता, असे तरुण दोगेननी विचारले. साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन म्हातारा मठाकडे परतला. दोगेनना ही भेट जन्मभर पुरली. १२३७ मध्ये त्यांनी मठातल्या मुदपाक्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला. तांदूळ धुताना खडा आणि दाणा दोन्हींकडे सारखेच लक्ष द्यावे, भाजीचे पान हलके मानू नये, ही त्याची शिकवण. झेन मठात जेवणापूर्वी पाच गोष्टींचे चिंतन करतात. हे अन्न कुठून आणि किती जणांच्या कष्टांतून आले हे त्यातले पहिले, आणि ते घेण्याइतकी आपली योग्यता आहे का हे दुसरे.

पण मठाच्या भिंतीबाहेर कोळी होते, शिकारी होते. रोज जीव घेणे हेच ज्यांचे पोट, त्यांना मुक्ती आहे की नाही? बाराव्या-तेराव्या शतकांत या प्रश्नाने जपानी बौद्ध विचार ढवळून काढला. शिनरान या भिक्षूंना १२०७ मध्ये एचिगो या किनारी प्रांतात हद्दपार करण्यात आले. त्यांनी लग्न केले आणि आपण ना भिक्षू, ना संसारी, असे जाहीर केले. पुढे आपल्या लेखनात त्यांनी स्वतःला शिकारी आणि व्यापाऱ्यांच्याच रांगेत बसवले. अमिदा बुद्धाची करुणा आधी अशांसाठीच, ही त्यांची श्रद्धा. या विचाराने कोळ्याला त्याच्या जाळ्यासकट धर्मात जागा मिळाली. हत्या पुण्यकर्म ठरली नाही. ती करावी लागणारा माणूस टाकाऊ नाही, एवढेच शिनरान सांगत होते.

सुवा या शिंतो देवस्थानाने आणखी एक वाट काढली. तिथून मांस खाण्याचे परवाने आणि खास चॉपस्टिक्स दिल्या जात. सोबतच्या चार ओळींच्या मंत्राचा आशय असा: ज्या प्राण्याचे कर्म सरले आहे तो सोडला तरी जगणार नाही, त्याने माणसाच्या देहात वस्ती करून त्याच्याबरोबरच बुद्धत्वाला जावे. हा युक्तिवाद खाणाऱ्याच्या फार सोयीचा आहे. प्राण्याचे कर्म सरले हे कुणी ठरवले, याला त्यात उत्तर नाही. तरी त्यात एक अट दडलेली आहे. ज्याच्या देहात तो जीव राहायला आला त्यानेच बुद्धत्वाचा रस्ता सोडला, तर सगळा सौदाच खोटा ठरतो.

मासळीवर जगणाऱ्या लोकांची स्वतःची रीत म्हणजे ‘कुयो’, मारलेल्या जिवांचे श्राद्ध. यामागुची प्रांतातल्या नागातो इथे कायोई हे जुने देवमासेमारीचे गाव आहे. मारलेल्या गाभण देवमाशांच्या पोटात सापडलेल्या पिल्लांसाठी तिथे १६९२ मध्ये एक दगडी समाधी उभारली गेली. आईच्या पोटातून थेट मृत्यूत गेलेली सत्तरांहून अधिक पिल्ले तिथे समुद्राकडे तोंड करून पुरलेली आहेत. गावच्या कोगान-जी मंदिराने देवमाशांची मृत्युनोंद ठेवली, आणि माणसाला मेल्यावर देतात तशी धर्मनावे त्यांना दिली. ज्यांनी भाला फेकला त्यांनीच पिल्लांना मूठमाती दिली. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ढोंग करणारी माणसे वहीत नावे लिहून ठेवत नाहीत.

शाकाहाराने हा प्रश्न सुटतो का? जपानमध्ये तेही सोपे राहिले नाही. गवत आणि झाडेसुद्धा बुद्धत्वाला पोहोचतात, असे तेंदाई पंथाने मांडले. यामागाता प्रांतात तोडलेल्या झाडाझुडपांसाठी उभारलेले स्मृतिदगड आहेत. मुळा उपटणाराही मग ऋणातून सुटत नाही. मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. कंदमुळे टाळणारे जैन शेजारी त्याला ठाऊक आहेत.

याच जाणिवेच्या खुणा ‘इतादाकिमासु’ या शब्दात सापडतात. जपानी माणूस हात जोडून हा शब्द म्हणतो आणि मग जेवायला सुरुवात करतो. ‘इतादाकु’ म्हणजे डोक्यावर धरणे, आणि त्यावरून नम्रपणे स्वीकारणे. मराठी माणूस प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकतो, त्याच्या फार जवळची ही कृती आहे. फरक आहे तो देणारा कोण याबाबत. मराठी घरांत जेवणाआधी म्हणायच्या श्लोकात अन्न ब्रह्मरूप होते आणि जेवण यज्ञ ठरते. ‘इतादाकिमासु’मध्ये देवाचे नाव नाही. वाढणारा, पिकवणारा, पकडणारा, आणि आज पुष्कळ जपानी लोक जसा अर्थ सांगतात त्याप्रमाणे खुद्द तो मासा, हे सगळे देणारे. यज्ञाच्या कल्पनेत हत्या पवित्र होऊन जाते. इथे ती उसनवारी राहते. ऋण मान्य करणारी ही दुसरी भूमिका अधिक प्रामाणिक आहे.

१८७२ साली हे जुने बंध सैल झाले. मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी त्या वर्षाच्या सुरुवातीला पसरली. पाठोपाठ सरकारने फर्मान काढले: भिक्षूंनी मांस खावे, लग्न करावे, केस वाढवावेत, हवे ते करावे. त्यानंतर जेवणाचा निर्णय ज्याचा त्याच्यावर आला. आजच्या महागड्या सुशी-घरात गिऱ्हाईक तोही कारागिरावर सोपवते, कारण ‘ओमाकासे’ म्हणजे तुमच्यावर सोपवले.

या कारागिराच्या हाती मासा येतो तो अनेकदा ‘इकेजिमे’ पद्धतीने मारलेला. डोक्यात अणकुचीदार सळई एका झटक्यात घालून मेंदू निकामी करतात, कल्ल्यापाशी चीर देऊन रक्त काढतात, आणि पाठीच्या कण्यातून बारीक तार ओवून मज्जारज्जू नष्ट करतात. यात कारण चवीचे आहे. तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली ऊर्जा संपते आणि मांस बिघडते. झटक्यात मेलेल्यात ती टिकते आणि हळूहळू तिच्यापासून इनोसिनिक आम्ल बनते, ज्याची चव जपानी जीभ ‘उमामी’ म्हणून ओळखते. म्हणून चांगला कारागीर कित्येक मासे काही दिवस मुरवून मग वाढतो. चवीसाठी टाळलेली यातना ही दया ठरते का? चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म असे बुद्धाचे म्हणणे, आणि त्या मापाने खाणाऱ्याच्या खात्यावर पुण्य जमा होत नाही. माशाची तडफड मात्र खरोखरच कमी झाली, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तेवढेच महत्त्वाचे आहे.

इझाकाया हे याच प्रश्नाचे दुसरे टोक. हा शब्द बनला तो बसून प्यायची सोय असलेल्या मद्याच्या दुकानांवरून. मद्यपान न करणे हे पंचशीलातले पाचवे शील. मठांत साकेला ‘प्रज्ञेचा काढा’ असे नाव देऊन ते शील वाकवले गेले, तर शिंतो देवळांत साके हाच नैवेद्य. या विषयात मद्यापेक्षा मोलाची आहे ती इझाकायाची चूल. सुशी-घर माशाचा निवडक भाग घेते. उरलेले इझाकाया रांधते. डोके सोया आणि साखरेत शिजते, कल्ल्यामागचा चरबीदार तुकडा मीठ लावून भाजला जातो, काटे तळून कुरकुरीत होतात, काळीज वाफवले जाते. आजची उंची रेस्टॉरंट दोन्ही प्रकार एका छताखाली आणतात, आणि तिथे एकच मासा नाकापासून शेपटीपर्यंत ताटात येऊ शकतो. घेतलेल्या जिवातले काही वाया न घालवणे ही कृतज्ञतेची सर्वांत खरी भाषा आहे, आणि तिला मंत्र लागत नाही.

मात्र ही कृतज्ञता समुद्राच्या बेरजेत उतरली पाहिजे. ५ जानेवारी २०१९ रोजी टोकियोतल्या तोयोसूच्या मासळीबाजारात २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनना विकला गेला. जपानी ईल मासा २०१४ पासून जागतिक संकटग्रस्त यादीत आहे, तरी त्याचे श्राद्धही होते आणि तो भाजूनही खाल्ला जातो. दगड उभारला, हात जोडले, म्हणून पुढचे जाळे टाकायला मोकळीक मिळाली असा अर्थ कुयोचा घेतला, तर ती फक्त सुवाच्या परवान्याची नवी आवृत्ती होते. कायोईच्या वहीत मेलेल्यांची नोंद होती. आज नोंद हवी ती उरलेल्यांची. शिन्कोचा चार पिल्लांचा घास या कसोटीवर टिकत नाही. तोच मासा वाढू दिला तर एका जिवातून एकाहून अधिक घास भरतात.

टोकियोच्या त्सुकिजी भागात जुन्या मासळीबाजाराला लागून नामियोके इनारी हे छोटे देऊळ आहे. त्याच्या आवारात सुशीसाठी, कोळंबीसाठी, अंको माशासाठी, शिंपल्यांसाठी, अंड्यांसाठी बाजारातल्या लोकांनी उभारलेले स्मृतिदगड ओळीने आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये घाऊक बाजार तोयोसूला हलला. दगड त्सुकिजीतच आहेत.