पट आणि पत

शाळेची पत तिच्या पटावरून ठरवावी कीं निकालावरून, हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षणखात्याचा वाटतो. परंतु थोडा विचार केला असतां तो तुमच्याआमच्या नीतीचाच प्रश्न आहे, असें दिसून येईल.

लहान गांवांतील नगरपालिकेच्या शाळेंत मुलें कमी झालीं, कीं "तेथें शिकवितातच काय?" असें म्हणणाऱ्यांत आपण सुशिक्षित मंडळी अग्रेसर असतों. ज्या शाळेंत मीं मुळाक्षरें गिरविलीं, तिच्या पांच खोल्यांपैकीं तीन आज कुलूपबंद आहेत. माझ्या मुलाला मात्र मीं खाजगी इंग्रजी शाळेंत घातलें. तेव्हां या विषयावर निवाडा देण्याचा अधिकार मला नाहीं. कबुलीजबाब तेवढा देतां येईल.

प्रथम निकालाविषयीं. इंग्लंडांत १८६२ सालीं वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर शाळांचें सरकारी अनुदान अवलंबून ठेवण्यांत आलें. कवि मॅथ्यू अर्नोल्ड हा स्वतः शाळातपासनीस. परंतु या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक होतें, असा कडक आक्षेप त्यानें घेतला. आपल्याकडील तुलनेंत आणखी एक अन्याय आहे. खाजगी शाळेची फी हीच एक चाळणी असते. नगरपालिकेच्या शाळेला चाळणी लावतां येत नाहीं. ऊसतोडणीहून वर्षाच्या अधेंमधें परतलेल्या मुलालाही ती प्रवेश नाकारूं शकत नाहीं. मग दोघींच्या निकालाचे आंकडे शेजारीं मांडून एकीला हुशार व दुसरीला मठ्ठ कसें ठरवावें?

आतां पटाचें पाहूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक व ६१ व्या मुलापासून तिसरा, असें प्रमाण आहे. म्हणजे सीमेवरचें एक मूल गेलें, तरी एका शिक्षकाची जागा धोक्यांत येते. वर्ग एकत्र बसूं लागतात. तें पाहून आणखी पालक बिचकतात. जाणारें मूल राहणाऱ्यांचें कांहीं तरी घेऊन जातें. त्याच कायद्यान्वयें शाळेच्या व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. आपलीं मुलें गेलीं, तेव्हां अधिकाऱ्याला अर्ज कसा करावा हें जाणणारे पालकही गेले. आतां दिवसाची मजुरी बुडवून सभेला येणाऱ्या आईवर तो भार आहे.

यावर पूर्वपक्ष असा, कीं बापाचें पहिलें कर्तव्य आपल्या मुलाशीं. लोककल्याणासाठीं त्याचें नुकसान करण्याचा बापाला अधिकार नाहीं. हें मला मान्य आहे. परंतु मूल काढून घेतल्यानें शाळेचें ऋण फिटतें काय? तिनें आपल्याला शिकविलें, तें दुसऱ्यांनीं भरलेल्या करांतून. समितींत जागा नसली, तरी आपल्याला नगरपालिकेंत मत आहे, हातीं लेखणी आहे, आठवड्यांतून एखादी सकाळ मोकळी आहे. यांतलें कांहींच न करतां तिच्या निकालाला नांवें ठेवणें, म्हणजे घर सोडून गेलेल्या मुलानें आईच्या गळक्या छपराला हसण्यासारखें आहे.

गेल्या जून महिन्यांत मी त्या शाळेंत गेलों. "नातवाचें नांव घालायला आलांत का?" मुख्याध्यापिकाबाईंनीं विचारलें. मीं मान खालीं घालून "नाहीं" म्हटलें, आणि शनिवारीं सकाळीं चौथीचें गणित घेऊं का, असें विचारलें. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनीं वेळापत्रक पुढें ओढलें.