गॅसगळती, प्रमाद आणि गृहस्थधर्म

गॅसगळतीतून होणारी हानी कोणाच्याही मनात नसते. नळी जोडणारा, शेगडी पेटवणारी, घर भाड्याने देणारा, यांपैकी कोणीही शेजाऱ्याचे वाईट चिंतलेले नसते. तरीही घर जळते, माणूस जातो. अशा हेतूविना घडलेल्या हानीला पाप म्हणावे, दैव म्हणावे की नुसता अपघात, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. स्वयंपाकाच्या गॅसने तो घरोघरी आणून ठेवला आहे.

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेलगतचे, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव आहे. अशा गावांत घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः १४.२ किलोची टाकी, तिच्यावरचा रेग्युलेटर, रबरी नळी आणि शेगडी. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर ही टाकी लाकूडफाट्यावर चालणाऱ्या अनेक घरांतही पोहोचली. धुराच्या त्रासातून बायकांची सुटका झाली, हे मोठेच पुण्यकर्म. पण त्याबरोबर धोक्याचे रूपही बदलले. चुलीचा धूर डोळ्यांना दिसत होता, झोंबत होता. गॅस दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीविषयी सावध राहणे ही मनाची वेगळीच शिस्त आहे.

टाकीतला गॅस हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. दाबाखाली ते द्रवरूपात राहते. बाहेर पडताच त्याचे आकारमान सुमारे २५० पट होते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून जात नाही. तो फरशीवर पसरतो, ओट्याखाली, मोरीत, खालच्या खोलीत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के झाले की एक ठिणगी पुरते, मग ती विजेच्या बटणाची का असेना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो आणि ५ ते १५ टक्के प्रमाणात पेट घेतो. म्हणून टाकीच्या गॅससाठी खालचा झरोका महत्त्वाचा, तर पाइपच्या गॅससाठी वरचा.

दोन्ही वायूंना मुळात जवळजवळ वास नसतो. जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन जातीच्या द्रव्याचा असतो. या खबरदारीमागे मोठी किंमत आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. खर्च वाचवण्यासाठी शाळेने जवळच्या तेलक्षेत्राच्या वाहिनीतून गॅस घेतला होता. त्याला वास नव्हता, म्हणून गळती कोणाला कळली नाही. त्यानंतर टेक्सासमध्ये गॅसमध्ये वास मिसळणे कायद्याने सक्तीचे झाले आणि पुढे ती रीत जगभर रुजली. आज धर्माबादच्या एखाद्या घरात रात्री वास आल्याने कोणी जागे होते, तेव्हा ते त्या मुलांचे ऋण असते.

भारतीय धर्मविचाराने चुलीतली हिंसा फार पूर्वी ओळखली होती. स्मृतिग्रंथांत 'पंचसूना' ही कल्पना येते. चूल, जाते, झाडू, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मानली आहेत, कारण ती वापरताना नकळत जीव मरतात. या हिंसेसाठी गृहस्थाला घर सोडायला सांगितलेले नाही. त्याला पंचमहायज्ञ सांगितले, तेही रोजचे. जिथे हानीची शक्यता रोजची आहे तिथे तिचे परिमार्जनही रोजचेच हवे, असा हा विचार आहे. वर्षातून एकदा केलेली पूजा त्याला पुरत नाही. आजच्या चुलीला हे लावायचे तर रोज रात्री रेग्युलेटर बंद करणे हे गृहस्थाच्या नित्यकर्मातच बसते.

जैन विचार याहून पुढे जातो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, स्थान आहे. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात मांडले की जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याकडून हिंसा घडलेलीच असते. आणि दक्षतेने वागणाऱ्याला केवळ हानी घडली म्हणून तिचा दोष लागत नाही. गॅसच्या बाबतीत याचा अर्थ थेट आहे. तडे गेलेली नळी वर्षभर तशीच वापरली आणि काही झाले नाही, तर लोक नशिबाचे आभार मानतात. कुंदकुंदांच्या कसोटीवर ते वर्ष निर्दोष ठरत नाही. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, एक तर वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायच्या काळजीचीच आहे. भरलेली टाकी आडवी लोळवत नेणाऱ्याने ती लक्षात ठेवावी.

बौद्ध मताचा भर चेतनेवर, म्हणजे हेतूवर आहे. हेतू नसेल तर खुनाचा दोष नाही. पण प्रश्न तिथे संपत नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आसनावर बसला. त्यावर कापडाखाली मूल झोपवलेले होते, ते दगावले. बुद्धांनी त्याला हत्येच्या सर्वांत मोठ्या दोषातून मुक्त केले, मात्र त्याच वेळी नियम घातला की न तपासता आसनावर बसू नये, बसल्यास तो दोष. क्षमा आणि नियम एकाच निर्णयात आले. झालेल्या हानीबद्दल माणसाला खुनी ठरवू नये, आणि पुढची हानी टाळण्याचे काम त्याच्या सद्‌हेतूवर सोडूही नये. अप्रमादाने आपले ध्येय साधा, हा बुद्धांचा अखेरचा उपदेश याच दिशेचा आहे.

दैवाचा प्रश्न गीतेच्या अठराव्या अध्यायात येतो. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे आणि एकटे नाही. गळतीच्या घटनेला हे लावून पाहता स्वयंपाकघराची रचना, जोडणी करणारा व वापरणारा माणूस, नळी-रेग्युलेटरसारखी साधने आणि प्रत्यक्ष हालचाल ही चार कारणे माणसाच्या हातात आहेत. केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा नीट पाहत नाही, असेही गीता तिथेच सांगते. याचा उपयोग जबाबदारी झटकण्यासाठी होऊ नये. कर्ते अनेक आहेत याचा अर्थ जबाबदारही अनेक आहेत: नळी विकणारा दुकानदार, टाकी देणारा वितरक, फिटर, घरमालक आणि घरातली माणसे.

यांत फिटरचे स्थान विशेष आहे. त्याचे काम भिंतीत, ओट्यामागे, पेचांच्या आट्यांत लपलेले असते. ते नीट झाले की नाही हे गिऱ्हाइकाला पाहून कळत नाही; त्याला विश्वासच ठेवावा लागतो. म्हणून परीक्षा ही या धंद्याची नीती आहे. पाइपची जोडणी झाल्यावर आत हवा भरून दाब ठरावीक वेळ टिकतो का हे दाबमापकावर पाहायचे, प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का हे तपासायचे, आणि काडी पेटवून गळती शोधण्याचा मूर्खपणा कधीही करायचा नाही. इस्लामी परंपरेत एक हदीस सांगते की वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार असतो. शिक्षण न घेता, ओळखीवर गॅसची कामे उरकणाऱ्याला हा न्याय जसाच्या तसा लागू होतो. स्वस्तात काम करून घेणारे गिऱ्हाईकही त्यातून सुटत नाही, कारण धोका शेजारच्या घराचाही आहे आणि त्या शेजाऱ्याची संमती कोणी विचारलेली नसते.

कायदाही याच निष्कर्षाला आला आहे. आग किंवा ज्वालाग्राही पदार्थाबाबत जिवाला धोका होईल असे बेपर्वा वर्तन भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार गुन्हा आहे; त्यासाठी स्फोट व्हावाच लागत नाही. दिल्लीतील ओलियम वायुगळतीनंतर १९८६ च्या एम. सी. मेहता निकालात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी पूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. काळजी घेतली होती, ही सबब अशा उद्योगाला चालत नाही. सामान्य घराचे माप वेगळे आहे. तिथे घेतलेली काळजी हाच बचाव, म्हणून ती खरोखर घेतलेली असावी लागते.

ही काळजी थोडक्यात सांगता येते. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर हवी आणि टाकी नेहमी उभी. नळी आयएसआय चिन्हाची, तारेची जाळी असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली असावी आणि ५ वर्षांनी बदलावी. टाकी घेताना तिच्या कडीजवळच्या पट्टीवरील तपासणीची मुदत वाचावी. ए, बी, सी, डी ही इंग्रजी अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दाखवतात आणि पुढचा आकडा वर्ष. टाकीच्या तोंडातली रबरी रिंग झिजली असेल तर टाकी परत करावी. वास आला तर बर्नर आणि रेग्युलेटर बंद करावा, टाकीच्या तोंडावर टोपण बसवावे, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. सगळ्यांनी बाहेर पडून शेजाऱ्यांना सावध करावे आणि बाहेरूनच १९०६ या गळती मदत क्रमांकावर कळवावे. धर्माबादसारख्या गावात ही माहिती मराठीबरोबर तेलुगूतही घरात लावलेली असावी. ज्यांना सर्दीमुळे किंवा वयामुळे वास येत नाही, त्यांच्यासाठी गळती ओळखणारा अलार्म बसवणे हे घरातल्या इतरांचे कर्तव्य आहे.

गळतीतून झालेली हानी पाप की दैव, या प्रश्नाचे उत्तर स्फोटानंतर शोधायचे नसते. ज्याने तपासले, वेळेवर बदलले, शेजाऱ्याला सावध केले, त्याच्या वाट्याला उरते ते खरोखर दैव. ज्याने हे टाळले त्याचा दोष काही घडले नाही तरी झालेलाच असतो. आपल्या घरातल्या नळीवर छापलेले वर्ष प्रत्येक वाचकाने आजच पाहावे.