मुलगा काय करतो?

स्थळाचा बायोडेटा हातात आला की माझी नजर नाव, जन्मवेळ, रास, उंची, मामाचं कूळ या सगळ्यावरून घसरत थेट नोकरीच्या ओळीवर जाऊन थांबते. कंपनी कुठली, पॅकेज किती, फ्लॅट स्वतःचा आहे का, असला तर कर्ज किती फिटलं. एवढं कळलं की मग मी फोटो बघते. आणि लिहायला जड जातंय, पण पॅकेज मनासारखं असलं की फोटोतला मुलगाही मला जरा उजवा दिसायला लागतो.

पुण्याच्या बहिणीच्या मुलीसाठी आम्ही स्थळं बघतोय. आलेले बायोडेटा आधी माझ्याकडे येतात, कारण मी बँकेत होते, मला माणसं कळतात असं बहिणीला वाटतं. त्याच दिवसांत दुसऱ्या बहिणीचे फोन चालू असतात. ती सांगोल्याकडे दिलेली. तिचा मुलगा डाळिंब करतो, तिशी ओलांडली, लग्न जमत नाही. तिच्याशी बोलताना मी अगदी मनापासून म्हणते, ‘आजकाल सगळ्यांना नोकरीवालाच पाहिजे गं, माणूस कुणी बघतच नाही.’ आणि फोन ठेवून जे कागद पुढे ओढते, त्यातला शेती लिहिलेला कागद बाजूला ठेवते. दोन्ही मुलं मला मावशीच म्हणतात. मग त्यांची मावशी एकच आहे की दोन?

हे माझं मला दिसलं नाही. सांगोल्याच्या मुलानंच विचारलं, तेही चिडून नाही. ‘मावशे, माझाच कागद नाव झाकून तुझ्याकडं आला असता, तर पुढं दिला असता का तू?’ मी लगेच हो म्हणाले. तो हसला आणि त्यानं विषय बदलला. माझ्या त्या ‘हो’मध्ये काही नव्हतं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

ही सवय मला लागली कुठे? नोकरीत, असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. समोर शिक्षक यायचा, पगाराची स्लिप ठेवायचा, मी त्याला बसा म्हणायचे. शेतकरी यायचा, सात-बारा आणि आठ-अ घेऊन, बरेचदा उभाच राहायचा. जामीनदार मात्र आम्हाला पगारदार लागायचा. दहा एकरांचा मालक गावातल्या एखाद्या शिपायाच्या मागे सहीसाठी फिरताना मी पाहिलाय. पैसे परत येतील का हे बघणं बँकेला भागच होतं, त्याबद्दल मी बँकेला दोष देणार नाही. पण त्या शेतकऱ्याला बसा म्हणू नये, असं कुठल्या परिपत्रकात लिहिलं होतं? ते माझं मीच ठरवलेलं होतं.

आणि नोकरीच्या आधीचं काय? माझे वडील ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण श्रद्धेनं सांगायचे. बहिणीसाठी सांगोल्याचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, स्वभावही नाही. जमीन किती, विहिरीला पाणी किती महिने, बैलजोड्या किती, एवढं विचारलं आणि खूश होऊन परतले. पुण्याचं स्थळ मात्र जरा नाइलाजानं दिलेलं, नोकरदार माणूस, भाड्याच्या दोन खोल्या. म्हणजे पूर्वी माणूस बघायचे आणि आता पैसा बघतात, हेही खरं नाही. वडिलांनी एकर मोजले, मी पॅकेज मोजते. मधल्या काळात लग्नाच्या बाजारात जमिनीचा भाव पडला आणि पगाराचा चढला, एवढाच काय तो फरक.

जमिनीचा हा भाव का पडला, हेही मला ठाऊक आहे, आणि म्हणून हा प्रश्न ‘माणसं लोभी झाली’ एवढं म्हणून मिटत नाही. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकांतून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला पिकांपेक्षा मजुरी-पगारातून जास्त मिळतं, हे वाचल्यावर मुलीची आई शेतकऱ्याला नाही म्हणते तेव्हा तिला कोत्या मनाची कसं म्हणू? तिला मुलगी उपाशी राहायला नको आहे. ती काळजी आहे.

मग माझं जे चाललंय, तीही काळजीच नाही का? इथे मी अडकते. काळजी असती तर सात लाखांच्या पॅकेजवर मी थांबले असते. तेवढ्यात दोघांचं नीट भागतं, हे मी स्वतः हिशेब करून सांगू शकते. पण अठरा लाखांचा कागद आला की सात लाखांचा मुलगा माझ्या नजरेत खाली जातो. कालपर्यंत तो चांगला होता. रात्रीत त्याचं काय कमी झालं?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मोर्चा काढला होता. मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत ते जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. टीव्हीवर ते बघताना मी हसले, आणि ती चित्रफीत दोघा-तिघांना पुढे पाठवली. त्यांची एक मागणी गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, ही होती. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. ते मुलगे आता बोहल्यावर चढायच्या वयाचे झालेत. कुणाची किंमत किती हे ज्यांच्या बाबतीत जन्माआधीच ठरवलं गेलं, त्या मुली आज नाहीत. आणि त्यांच्या नसण्याची झळ सगळ्यांत आधी लागते ती ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही त्याला. हे सगळं त्या घोड्यांच्या मागे होतं, आणि मला हसू आलं.

पैशाला काही अर्थ नाही, असं मात्र मला म्हणता येणार नाही. मी म्हटलं तर ते खोटं होईल. लग्नानंतर सासरी माझं मत कुणी विचारत नव्हतं. पगार सुरू झाल्यावर विचारू लागले. आधी भाजी काय करायची, मग मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, मग घर घ्यायचं की नाही. मी होते तीच होते, पण माझं बोलणं ऐकू जायला पगार लागला. ज्या गोष्टीनं मला उभं केलं तिला मी तुच्छ कसं म्हणू? आणि कदाचित म्हणूनच निवृत्त झाल्यावर, कुणी विचारायच्या आधीच, मी सांगून टाकते की मी बँकेत ऑफिसर होते. सोसायटीच्या बागेत नव्यानं भेटलेल्या बाईलाही. ते सांगितलं नाही तर समोरच्याला मी दिसणारच नाही, अशी धास्ती आत आहे. हे माझं उजवंडावं दुसऱ्यांपुरतं कधीच नव्हतं.

कामावरून माणसाचं मोल ठरवू नये, हे मी कधी वाचलंच नव्हतं असंही नाही. गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत रस्किनचं ‘अन टू धिस लास्ट’ हे पुस्तक वाचलं. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखंच, कारण चरितार्थाचा हक्क दोघांना सारखाच, हे त्यातून घेतलं आणि लगेच फिनिक्सला आश्रम उभारायला निघाले. त्यांच्या आत्मकथेत हे मी कॉलेजात असताना वाचलं, पटलं, परीक्षेत लिहिलंही. पण हे मोल सारखं म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

परवा सांगोल्याला गेले होते तेव्हा बागेत बराच वेळ भाच्यामागून हिंडले. बहार धरायचा म्हणून त्यानं पाणी तोडून झाडांना ताण दिला होता. हलक्या मुरमाड जमिनीला किती दिवस, खालच्या भारी जमिनीला किती, हे तो माती मुठीत दाबून सांगत होता. मग पानगळ, छाटणी, पहिलं पाणी. तेल्या रोगानं मागे अर्धी बाग नेली, मर रोग लागलेली झाडं त्यानं मुळासकट काढून जाळली. ऐकता ऐकता मला भरून आलं. वाटलं, एवढी समज, एवढा निर्णय आम्हा पगारदारांना कधी घ्यावा लागतो?

आणि बसमध्ये परत येताना लक्षात आलं, मी पुन्हा मोजतेच आहे. पॅकेजऐवजी कौशल्य. उद्या तेल्या सगळी बाग घेऊन गेला, तो हरला, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेला, तर? तेव्हा त्याची किंमत माझ्या लेखी कमी होणार का? हुशार शेतकरी म्हणून त्याला मान द्यायचा, तर साध्या, सुमार, जेमतेम पोट भरणाऱ्या माणसाला काय द्यायचं? याचं उत्तर मला बसमध्ये सापडलं नाही. अजूनही पुरतं सापडलेलं नाही. एवढंच कळतंय की चूक विचारण्यात नसावी. मुलगा काय करतो, हे विचारायलाच हवं. पण उत्तर मिळाल्यावर माझं लक्ष त्या माणसावर राहतं की उडून जातं, हे मला रोज तपासता येईल. आवाज खाली येतो का, चहा दुसऱ्यांदा विचारते का, ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं का.

पुण्याच्या भाचीला मी म्हणाले, यापुढे मी पगाराचं विचारणार नाही. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, ‘मावशी, तू विचारूच नकोस. मी विचारेन. त्या पगारात मला राहायचंय. आणि माझाही सांगेन, कारण त्यालाही राहायचंय.’ मी हा प्रश्न आयुष्यभर विचारला, पण त्यात माझा पगार कधी टेबलावर ठेवला नव्हता.

सांगोल्याच्या मुलाचा बायोडेटा मीच लिहून दिला. पहिल्या खर्ड्यात व्यवसायासमोर मी ‘कृषी उद्योजक’ लिहिलं होतं. त्यानं ते खोडून ‘शेती’ लिहिलं. खाली मी त्याच्या चुलत्याचा पुण्यातला फ्लॅट घालायला सुचवलं होतं, तेही त्यानं खोडलं. तो कागद आता तीन वधू-वर मंडळांत दिलाय, माझा फोन नंबर घालून. फोन येईल तेव्हा पहिला प्रश्न काय असेल ते मला माहीत आहे. तो विचारणाऱ्या बाईवर मला रागावता येणार नाही. मी तिला सगळं खरं सांगेन, एकरांसकट आणि कर्जासकट, आणि मग विचारेन की तुमची मुलगी फोनवर बोलेल का त्याच्याशी.