मौनाची साक्ष

खरे बोलावे, हा उपदेश आपणां सर्वांस लहानपणापासून तोंडपाठ असतो. परंतु कोणी विचारलेले नसता, आणि बोलल्याने आपलेच नुकसान होणार असता, खरे बोलण्याचे बंधन माणसावर आहे की नाही, हा प्रश्न निघाला म्हणजे आपले नीतिशास्त्र एकाएकी संकोचते. खोटे बोलणारास आपण दोष देतो. सत्य ठाऊक असून गप्प बसणारास मात्र व्यवहारी म्हणून मान देतो. हा मान योग्य आहे काय, याचा विचार आम्ही येथे एका मोटार-शर्यतीच्या आधाराने करू इच्छितो. आम्हां नागपूरकरांच्या ओळखीची शर्यत म्हणजे शंकरपट, आणि तीत बैल धावतात, यंत्रे नव्हेत. तथापि जिंकण्याच्या हव्यासापुढे माणसाचे मन कसे वागते, हे पाहावयास दोन्ही सारखीच.

24 ऑगस्ट 1958 रोजी पोर्तुगालातील पोर्तो शहरी, नेहमीच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरून, ट्रामचे रूळ ओलांडीत ही शर्यत झाली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील ती एक होती. स्टर्लिंग मॉस आणि माइक हॉथॉर्न हे दोघे इंग्रज चालक त्या वर्षी पदाचे प्रतिस्पर्धी होते. व्हॅनवॉल गाडी चालविणारा मॉस पहिला आला व 8 गुणांचा धनी झाला. फेरारीवाल्या हॉथॉर्नला दुसऱ्या क्रमांकाचे 6 आणि सर्वांत वेगवान फेरीचा 1 असे 7 गुण मिळाले. परंतु अखेरीस हॉथॉर्नची गाडी गिरकी घेऊन बंद पडली होती, आणि ती ढकलून चालू करताना त्याने ती शर्यतीच्या उलट दिशेस नेली होती. हा नियमभंग ठरवून पंच त्यास बाद करावयास निघाले. तेव्हा मॉस आपण होऊन पुढे आला. हॉथॉर्नची गाडी त्या वेळी शर्यतीच्या मार्गावर नव्हती, पदपथावर होती, अशी त्याने साक्ष दिली. पंचांनी ती मानली आणि हॉथॉर्नचे गुण वाचले.

वर्षअखेर हिशेब झाला तो असा: हॉथॉर्न 42, मॉस 41. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. चालकाचे सर्वोत्तम सहा निकालच धरावयाचे, असा तेव्हा नियम होता. पोर्तोचे 7 गुण गेले असते तर त्यांच्या जागी हॉथॉर्नचा दुसरा निकाल धरूनही त्याची बेरीज 39 वरच थांबली असती. म्हणजे मॉसचे अजिंक्यपद त्याच्याच साक्षीने गेले. पुढेही ते त्यास कधी लाभले नाही. 2020 साली तो त्यावाचूनच निवर्तला.

यावर कोणी म्हणेल, की मॉस एकटा नव्हता. ज्या कारागिरांनी रात्री जागून त्याची गाडी सिद्ध केली, त्यांच्या श्रमाचे फळ परस्पर दान करण्याचा त्यास काय अधिकार? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचा पाया 'दान' या शब्दावर आहे आणि तोच चुकीचा आहे. 1980 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर आपला कर्णधार विश्वनाथ याने, पंचाने बाद ठरविलेल्या इंग्लंडच्या टेलरला परत बोलाविले आणि भारत तो सामना हरला. लोक त्यास औदार्य म्हणाले. आमच्या मते या दोन्ही गोष्टी औदार्याच्या नव्हेतच. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे होते. जे गुण हॉथॉर्नने रस्त्यावर मिळविले होते, ते मॉसच्या मौनाने मॉसचे होत नव्हते. त्याने ज्याचे त्यास राहू दिले, एवढेच. आणि यास न्याय असे साधे नाव आहे. मालकाच्या हिताची निष्ठा कितीही मोठी असली, तरी दुसऱ्याचे राखून ठेवण्यापर्यंत ती पोहोचत नाही.

आपल्या महाभारतकारांस हे पुरते ठाऊक होते. अश्वत्थामा मेल्याचे सांगताना धर्मराज शब्दाने खोटे बोलला नाही. हत्तीचे नाव त्याने उच्चारले, पण द्रोणास ऐकू जाणार नाही अशा बेताने. तेवढ्या न ऐकविलेल्या शब्दापायी, चार अंगुळे अधांतरी चालणारा त्याचा रथ भूमीस टेकला. सत्य दडविणे म्हणजे गप्प राहणे नव्हे, तीही एक साक्ष असते, असाच या कथेचा अर्थ आम्ही समजतो.

हे लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. नागपूरनजीकच्या एका खेड्यात पूर्वी दोन शेजाऱ्यांत धुऱ्याचा वाद झाला होता. हद्दीचा दगड मुळात कोठे होता, हे आम्ही पाहिलेले होते. आणि ज्याने तो सरकविला त्याच्याशी आमचा घरोबा होता. आम्हांस कोणी विचारले नाही आणि आम्ही बोललो नाही. खोटे बोललो नाही, या समाधानात पुष्कळ दिवस गेले. परंतु त्या वाटेने जाताना आजही त्या शेताकडे पाहण्याचे आम्ही टाळतो. एका गुणाने अजिंक्यपद गमावलेल्या मॉसला पोर्तोच्या त्या पदपथाकडे पाहताना मान वळवावी लागली नसती, असे मात्र आम्हांस खात्रीने वाटते.