पत्र्यावरचा पाऊस

वेल्ह्यात आषाढ लागला की आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही. तोरणा ढगात गडप होतो, खाचरांत भातलावणी चालू असते आणि पत्र्याच्या घरात शेजारी बसलेल्याशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो. अशाच एका घरात दोघा भावांनी मिळून एक वायरलेस हेडसेट घ्यायचं ठरवलं. थोरला पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचा, दिवसभर ग्राहकांशी बोलणं. धाकटा भोरच्या कॉलेजात शिकायचा आणि रात्री मित्रांबरोबर गेम खेळायचा. पैसे एकापुरतेच होते.

पुण्याच्या दुकानात थोरल्यानं एक हेडसेट कानावर चढवला, बटण दाबलं आणि रस्त्यावरची घरघर पुसली गेली. तो तिथंच भुलला. आपण सगळेच कानावर भुलतो, आणि माझ्या मते निवड तिथंच चुकते.

घरी पडवीत बसून त्यानं बटण दाबलं, तसा पत्र्यावरचा पाऊसही दूर गेला. "आजी, पाऊस थांबल्यासारखा वाटतोय बघ!" आजी नुकतीच लावणीवरून आली होती. इरलं भिंतीला टेकवत म्हणाली, "तुझ्या कानाला थांबला असंल, बाबा."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे पत्रे बडवतंय का कोणी?"

"नाही सर, इथं अगदी शांत आहे." तो मनापासून बोलत होता. ग्राहक "पुन्हा सांगा" म्हणाले की त्याला वाटायचं, खरखर त्यांच्याच लाइनीत आहे. हळूहळू तो तिरसट बोलू लागला. एका म्हाताऱ्या बाईंनी तीनदा "बाळा, नीट ऐकू येत नाही रे" म्हटलं, तेव्हा "तुमचा फोन तपासून घ्या" म्हणत त्यानं फोन ठेवला.

धाकट्याचं दुखणं वेगळं होतं. ब्लूटूथवर गोळी आधी दिसायची, आवाज मागून यायचा. त्या खेळात पावलांच्या आवाजावरून शत्रूचा माग काढायचा असतो, तिथं एवढा उशीर पुरेसा होतो. शिवाय माइक चालू केला की सगळाच आवाज डब्यातून आल्यासारखा बद्द व्हायचा.

रविवारी दोघं नसरापूर, कापूरहोळ करत भोरला मामाकडे गेले. मामाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तेही पत्र्याचंच. मामानं हेडसेट उघडलासुद्धा नाही. "गाणं लावू नकोस. माइकवर चार वाक्यं बोल आणि रेकॉर्ड कर," म्हणाला.

थोरला बोलला. मामानं ते मोबाइलच्या स्पीकरवर लावलं. पाऊस, एसटीचा हॉर्न, पुन्हा पाऊस, आणि त्यात कुठंतरी बुडालेला एक माणूस.

"हा मी?"

"तूच. अरे, ते बटण बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटा आवाज तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना मारतात. पण ते तुझ्या कानापुरतं. समोरच्याला काय जातं ते माइकवर ठरतं. तुझा माइक कानाच्या वाटीत बसलाय, तोंडापासून लांब. तो पाऊसच जास्त उचलणार." मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "ब्लूटूथवर माइक उघडला की बहुतेक हेडसेट गाण्याची रुंद वाट सोडून फोनच्या अरुंद वाटेला लागतात. तुला लॅपटॉपला लावायचा छोटा डोंगल असलेला घे, 2.4 गिगाहर्ट्झचा. आवाज मागं राहणार नाही."

धाकटा लगेच प्रश्न विचारू लागला. थोरला मात्र गप्प होता. त्यानं ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं.

तो हेडसेट त्यांनी ओळखीत विकला आणि थोडी भर घालून दुसरा घेतला. लॅपटॉपसाठी डोंगल, फोनसाठी ब्लूटूथ, आणि तोंडापाशी दोन बोटांवर येणारी माइकची दांडी. पाऊस गायब करणारं बटण त्याला नव्हतं. या वेळी दुकानात कानावर चढवण्याआधी दोघांनी आपापला आवाज रेकॉर्ड करून ऐकला. घरी आल्यावर थोरल्यानं टेबल पडवीतून उचलून माजघरात, माळ्याखाली नेलं. तिथं पत्रा थेट डोक्यावर येत नव्हता.

सोमवारी पहिला फोन त्यानं त्या बाईंना लावला.

"आजी, माझा आवाज नीट येतोय का?" त्यानं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला. बाहेर पाऊस कोसळत होता. आता तो त्यालाही ऐकू येत होता.