झोळी आणि कणगी

आपलं दैवत हे झोळीचं दैवत. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा, अशी महाराजांची दिनचर्या आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या नावावर ना कुठे सातबारा, ना कोठार. मग त्यांची उपासना करणाऱ्या प्रापंचिकाने जमीन, औजारं, गुरंढोरं जमवावीत का? आणि जमवायची तर कुठवर? प्रश्न पोथीतला वाटतो खरा, पण यंदा तो चालत माझ्या दारात आला.

पुण्यातली नऊ कुटुंबं वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचं) जमीन बघत आहेत. पंधरा एकर घ्यायची, विहीर पाडायची, भात, नाचणी, भाजीपाला पिकवायचा, दोन गीर गाई, थोड्या शेळ्या, पॉवर टिलर, सौरपंप, आणि सगळ्याला मिळून तारेचं कुंपण. 'स्वयंपूर्ण वस्ती' असं नावही ठरलंय. त्यांनी पाहिलेल्या रानाच्या मधोमध आमचे वडिलोपार्जित तीन एकर येतात आणि त्यात एक झरा आहे. "काका, विकायची नसेल तर भागीदार व्हा," असं ते म्हणतात. माणसं भली आहेत. त्यातली दोन कुटुंबं पौर्णिमेला कापूरहोळवरून नारायणपूरला दर्शनाला जाणारी. टाळेबंदीत दुधाच्या पिशवीसाठी लावलेली रांग ते विसरलेले नाहीत, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर आपलं अन्न आपल्या हाती असावं असं त्यांना वाटतं. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या आजोबांची कणगी याच भीतीपोटी भरलेली असायची.

मी उत्तर लगेच दिलं नाही. आधी भागवताचा एकादश स्कंध काढला.

यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात मधमाशी आहे आणि मध काढून नेणाराही आहे. माशी साठवते आणि साठ्यापायी जाते, म्हणून यतीने उद्यासाठी ठेवू नये, हा अर्थ कीर्तनकार सांगतात तो बरोबरच. पण मध नेणाऱ्याच्या जागी पुढे एक गोष्ट येते, ती घाईत निसटते. गृहस्थाने कष्टाने जमवलेलं अन्न त्याच्याआधी यती खातो, जसा माश्यांचा मध दुसराच खातो, असं अवधूत सांगतो. म्हणजे गृहस्थाने जमवलेलं आहे हे त्याने धरूनच ठेवलंय! दुपारी कोल्हापुरात भिक्षा मिळायची तर कुठल्या तरी माउलीच्या मडक्यात पीठ असायला हवं. झोळीला कणगी लागतेच. तेव्हा संग्रह मुळातच पाप, असं दत्तसंप्रदायात मला तरी दिसत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या मडक्यापर्यंत दारावर आलेल्याचा हात पोचतो की नाही.

आणि इथेच मला 'स्वयंपूर्ण' हा शब्द टोचतो. 'कुणाची गरज लागू नये' असा त्याचा अर्थ ही मंडळी करतात. ज्याने पृथ्वीपासून कोळ्यापर्यंत चोवीस जणांकडून शिकावं लागलं असं उघड सांगितलं, रोजची भाकर ज्याने दुसऱ्याच्या दारी मागितली, त्याच्या भक्ताने हा आदर्श कुठून आणला?

ज्या खोऱ्यात ही वस्ती व्हायची आहे, तिथे पुष्कळ गोष्टी घरच्या घरी भागत होत्या, हे आमच्या पिढीने पाहिलंय. मीठ आणि कापड सोडलं तर बाजाराकडून फारसं काही लागत नसे. पण एकट्या घराचं काहीच भागत नव्हतं. राब भाजायला, चिखलणीला, आवणीला दुसऱ्याची माणसं आणि दुसऱ्याचे बैल लागायचे. आज आमच्या खाचरात, उद्या तुमच्या, हा पैरा. एखाद्याचं काम फारच अडलं तर सारा गाव इर्जिकीला यायचा आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायचा. चार बैल कुणाकडेच नव्हते, पण गावात चाळीस होते. पावसात आवणी आठ-दहा दिवस लांबली तर वर्षाचं भात हातचं जातं, म्हणून भांडलेले भाऊसुद्धा आषाढात बोलायचे. (श्रावणात पुन्हा अबोला!)

ही घडी मोडली त्याला कारणं बरीच. भाटघरच्या पाण्याने नीरेच्या कालव्यांवर बारामती, इंदापूर, फलटण हिरवं झालं, आणि वेळवंडी नदीकाठची रानं पाण्याखाली गेली. कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा लोक दर्शनाला जातात. पानशेत तर 12 जुलै 1961 मुळे साऱ्या पुण्याला ठाऊक आहे, पण धरण फुटण्याआधी आणि नंतरही तिथल्या गावांचं काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही. मग पोरं मुंबई-पुण्याला गेली. मागे उरलेल्यांनी एक एक तुकडा विकला. विकणारा पुढे त्याच जमिनीवर राखणदार म्हणून राहिला, हेही आता नवं नाही. एवढा पाऊस पडणाऱ्या या डोंगरात चैत्र-वैशाखात वाड्यांवर टँकर येतो.

म्हणून झऱ्याचं महत्त्व. वरच्या धनगरवाड्याची गुरं एप्रिल-मे महिन्यात आमच्याच झऱ्यावर येतात. आजोबांच्या आधीपासून येतात. कुठे लिहिलेलं नाही, कागद नाही. कुंपण झालं की ती यायची थांबतील. नऊ कुटुंबं स्वयंपूर्ण होतील, आणि चार कुटुंबं टँकरच्या भरवशावर जातील.

वस्ती उभारताना आधी काय जमवायचं, यावर आनंदवनाची आठवण होते. बाबा आमटे 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर गेले ते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन. पन्नास एकर सरकारने दिलेले, विहीर स्वतः खणलेली. तिथे माणसं आधी होती, आणि तीही जगाने टाकलेली. पुढे भाजी पिकली, दूध झालं, तेव्हा गावातले लोक त्या हातांची भाजी आणि दूध घ्यायला धजत नव्हते. विचार करा, अन्न पिकवून ते पोटाला पुरे झाले होते, कुणापुढे हात पसरायची गरज नव्हती. तरी ते पुरेसं वाटलं नाही. शेजाऱ्याने आपली भाजी विकत घ्यावी, ही आस होतीच. गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्मचंही तसंच. 1910 साली कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन दिली, ती तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींची बायकामुलं उघड्यावर पडू नयेत म्हणून. जमीन मोठी होती, पण ती कुणासाठी हे आधी ठरलेलं होतं.

आपल्या राजगडाच्या राजाचं एक पत्र आहे, 1676 सालचं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं. त्यात महाराज सांगतात, गावोगाव फीर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैल दे, दाणा दे, आणि त्याला ताकद आली की मुद्दलच हळूहळू वसूल कर, वाढीदिढी घेऊ नको. क्रम बघा. बैल येतात, पण माणूस बघून झाल्यावर. आमच्या मंडळींच्या वहीत पहिल्या पानावर गीर गाय होती. डोंगरातल्या धो धो पावसात ती किती टिकेल कोण जाणे. त्यापेक्षा अकोले-इगतपुरीकडची डांगी बरी, असं मी त्यांना सांगितलं, ते त्यांनी लगेच लिहून घेतलं. धनगरवाड्याचं सांगितलं, ते मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट गुरुचरित्रातच आहे, ती टाळणं बरं नाही. अठराव्या अध्यायातला तो गरीब ब्राह्मण. भिक्षा मिळाली नाही की दारच्या घेवड्याच्या शेंगा खाऊन राहायचा. म्हणजे ती वेल हीच त्याची स्वयंपूर्णता. महाराजांनी तेवढीच उपटली! त्याची बायको रडली ते अगदी साहजिक होतं. मुळाशी धनाचा कुंभ सापडला हे आपण रंगवून सांगतो, पण वेल उपटणं आणि कुंभ सापडणं यांच्या मधल्या वेळात त्या घरात उद्याची भाजीसुद्धा नव्हती. मग कणगी भरणाऱ्यालाही उद्या असंच सांगावं का, की सोड सगळं? मला नाही वाटत. यतीला जे शोभतं ते नातवंडं असलेल्या माणसाने ओढून घेऊ नये. उलट अडतिसाव्या अध्यायातला भास्कर मला जवळचा वाटतो. दोन-तीन माणसांपुरता शिधा गाठोड्यात बांधून आला, लोक हसले, आणि गुरूंनी त्याच शिध्यावर गाव जेववलं. गाठोडं बांधलं म्हणून त्याला कुणी बोल लावला नाही. ते सोडवायला सांगितलं.

मंडळींना मी चार गोष्टी कळवल्या. झऱ्याला आणि गुरांच्या वाटेला कुंपण पडणार नाही, आणि हे कागदावर येईल. शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन घेता येत नाही, म्हणून सगळं एकाच्याच नावावर करायचा बेत होता. ते मला पटत नाही, बाकी आठ जणांचा हक्क कुठे लिहिलेला राहणार हे आधी सांगा. जो विकेल त्याला त्याच्याच बांधावर चाकर ठेवायचं नाही, वाटेकरी करायचं. आणि जमीन घ्यायच्या आधी एक आषाढ दुसऱ्याच्या खाचरात आवणीला या.

तीन कुटुंबं यावरूनच गळाली. कुंपणाशिवाय शेळ्या राहत नाहीत, रानडुकरं सगळं खातात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नाही. राहिलेल्या सहांपैकी चार घरची माणसं यंदा इरली पांघरून चिखलात उतरली. दुसऱ्या दिवशी दोघांच्या कमरा धरल्या. खाचराच्या मालकिणीने त्यांना नाचणीची भाकरी आणि वरण वाढलं, आणि पुढल्या वर्षी आमच्याकडे पैरा लागेल, तेव्हा बैल नाही आणले तरी चालतील पण या, असं निघताना बजावलं. झऱ्याचा कागद अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत तीन एकर आहेत तसेच आहेत.